हॉर्नची वायर

मुंबई नाक्यापासून द्वारकेपर्यंत
अंतर फार तर दीड-दोन किलोमीटर.
तेवढ्यात मी रोज चार जणांचा उद्धार करायचे.

एकटीच असायचे. काचा बंद.
ओठ हलतायत, एवढंच बाहेर दिसत असणार.
माहेरी शिव्या नव्हत्या,
सासरी मोठ्यानं बोलणं नव्हतं,
बँकेत गिऱ्हाईक म्हणजे देव
आणि साहेब म्हणजे देवाचा बाप.
मग जिभेवर जे काही साचलं होतं
ते सगळं रिक्षावाल्यांच्या वाट्याला.

एकदा उंटवाडीपासून
एका स्कूटीचा पाठलाग केला, पार सिटी सेंटरपर्यंत.
वाक्य तयार होतं. काच खाली केली.
पोरगी निघाली. हेल्मेटमध्ये रडत होती,
माझ्यामुळे नव्हे, आधीपासूनच.
तिनं माझ्याकडे पाहिलं
जसं कुणी बंद शटरकडे पाहतं.
वाक्य तसंच राहिलं,
दोन दिवस दाढेत अडकल्यासारखं.

वाटलं, आता सुधारेन.
नाही सुधारले.

मग मार्चमधला तो मंगळवार.
इंदिरानगरच्या बोगद्यात पुढे द्राक्षांचा छोटा हत्ती,
त्याच्या पुढे काय, देव जाणे.
मी हॉर्नवर पंजा ठेवला, नेहमीसारखा.
उचलला.
हॉर्न थांबला नाही.

बोगदाच तो. आवाज भिंतीवर आपटायचा
आणि दुप्पट होऊन माझ्याच दारात यायचा.
माणसं उतरली. मी दोन्ही हात वर करून दाखवले,
मी नाही, मी नाही, आपोआप वाजतोय.
कुणाला पटावं?
एका बाळानं भोकाड पसरलं होतं, कानांवर आईचे तळवे.
इतकी वर्षं मी हे काचेच्या आतून ऐकत होते.

छोट्या हत्तीतून एक माणूस उतरला,
डोक्याला मफलर, हातात पाना.
म्हटलं, घे आता.
"ताई, बोनेट उघडा."
सात वर्षं गाडी माझी,
बोनेटची कळ कुठे असते ठाऊक नव्हतं.
त्यानंच वाकून शोधली, माझ्या गुडघ्यापाशी,
आणि पुढे जाऊन एक वायर उपटली.

अशी शांतता झाली
की माझाच श्वास मला आगाऊ वाटला.

"लई दिसांचा दाबत असाल," तो म्हणाला.
खंडू तिदमे, मोहाडीचा.
तळहातावर चार मणी ठेवून गेला,
जरा फुटके, एक्सपोर्टातून वगळलेले.

मुनीर मेकॅनिक म्हणाला, दोनशे रुपयांचं काम.
म्हटलं, पुढच्या आठवड्यात.
पुढचा आठवडा तीन महिने चालला.

हॉर्न नसला की अंगठा सवयीनं मधोमध जातो,
रिकामं प्लास्टिक दबतं. टक्.
बस, तेवढंच.
मग मान वळवावी लागते,
ब्रेक जरा आधीच लागतो,
आणि माणसं दिसायला लागतात.
रविवार कारंजावर समोर एक म्हातारा स्कूटर चालवत होता,
गोगलगायीच्याही मागे.
मागे बसलेल्या बाईच्या मिठीत भला मोठा आरसा.
मी दात आवळले, आणि पाहिलं,
आरशात थोडं आभाळ, थोडी वायरींची जाळी,
खाली स्टिअरिंग गच्च धरलेली
कपाळाला आठ्या घातलेली कुणी बाई.
कारंजा सुटेपर्यंत आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.
आधी तिनं हात सैल केले.

शिव्या येतात अजून.
परवा सातपूरला एकानं असा कट मारला
की तोंडातून निघालीच. अर्धी.
उरलेली गिळली. कडू लागली, पण गेली खाली.

त्याच दिवशी साहेबांना म्हणाले,
"साडेपाचनंतर मी थांबणार नाही."
आवाज चढवला नव्हता.
त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे असं पाहिलं
की मला वाटलं,
इथंही आधी इंडिकेटर द्यायला हवा होता.

जूनमध्ये वायर जोडून घेतली.
मुनीरनं तपासायला एकदा दाबला.
गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली,
मीही दचकले.
"वाजतोय बघा झकास," तो म्हणाला, "अजून एकदा?"
म्हटलं, नको. कळलं.